मोटारसायकलीचे पाय

सोमवारी सकाळी गावातले वडीलधारे मुकाम्बेत आजोबा दारात उतरले, पण त्यांनी घोडा कुंपणाला बांधला नाही. लगाम हातातच धरून ठेवला. तेव्हाच कलिपाला कळलं की म्हातारा बसायला आलेला नाही, सांगायला आलेला आहे.

तरी तिने रीत सोडली नाही. रोटी पुढे केली. म्हाताऱ्याने उभ्या उभ्याच एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"पाय कसा आहे रे ओरोझाली?"

"आहे. जिथे होता तिथेच आहे."

"रिकिबीत ठरतो का?"

कलिपाने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून बसला होता, काठी मांडीवर आडवी.

म्हातारा घोड्याच्या मानेकडे बघत म्हणाला, "हे बघ, गावाची आठशे मेंढरं आहेत. बारा उन्हाळे तू वर नेलीस, कुणी बोट ठेवलं नाही. पण गेल्या साली वर रोग पडला आणि निरोप खाली यायला दोन दिवस लागले. घोडा तरी किती पळणार? यंदा गाव म्हणतं, ज्याची मोटारसायकल चालती असेल तोच मेंढरांबरोबर जाईल. तुझी चालत असेल तर तूच ने, आनंदाने ने. नसेल तर सादिरबाय तयार आहे."

"कधी ठरवणार?"

"शुक्रवारी. नमाज झाली की."

म्हातारा गेला. कलिपा उरलेली रोटी फडक्यात गुंडाळू लागली. वरचं कुरण म्हणजे तिचा उन्हाळा होता, आणि उन्हाळा म्हणजे वर्ष. लोणी, सुकवलेलं दही, लोकर, थंडीचं मांस, सगळं तिथूनच खाली यायचं. खाली गावात त्यांच्या वाट्याला चार वाफे बटाट्याचे आणि वारा.

मोटारसायकल घराच्या मागे होती, लोकरीच्या जाड नमद्याखाली झाकलेली. तीन आठवडे तिला कुणी हात लावला नव्हता. ओरोझालीला तबेल्याकडे जायचं असलं तर तो सरळ वाटेने जायचा नाही. लंगडत लंगडत घराला पुरा वळसा घालायचा. कलिपा ते बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

गाडी जुनी, सोव्हिएत काळातली, वजनाला एखाद्या कालवडीएवढी. तिचा डबल स्टँड जिथे फ्रेमला जोडलेला असतो ती जागाच गंजून गेली होती, त्यामुळे नवा स्टँड लावायलाही काही उरलं नव्हतं. मागच्या चाकाचं बेअरिंग फुटलं तेव्हा ओरोझालीने गावातला प्रत्येक पुरुष करतो तेच केलं. नदीतले चपटे दगड आणले, इंजिनाखाली रचले, गाडी त्यांवर चढवली आणि खाली सरकून चाकाचा नट पिळायला लागला. नट गंजलेला. त्याने अंगाचा जोर लावला आणि दगड निसटले.

कलिपा तेव्हा आत कणीक मळत होती. ओरडणं तिला ऐकू आलं नाही, दगड घरंगळल्याचा आवाज तेवढा आला. ती पळत गेली आणि तशाच हातांनी तिने गाडी उचलली. कशी उचलली ते तिला आजही सांगता येत नव्हतं. हाडवैद्याने सांगितलं, नडगीला चीर गेली आहे, नशीब चांगलं. सीटवर मात्र तिची दहा बोटं कणकेची उमटली, सुकली, आणि ती पुसायला कुणी गेलं नाही.

दुपारी ती भावाकडे गेली. बेयशे तिचा धाकटा भाऊ, गावातला नालबंद, आणि गेल्या काही वर्षांत वेल्डिंगही करायला लागलेला. बोलायला सुरुवात केली की थांबायचा नाही.

"ये आक्का! दाजींनी पाठवलं? काय म्हणतात दाजी? घाबरलेत म्हणे."

"ते कशाला घाबरतील? मी घाबरले," कलिपा म्हणाली. "माझ्या अंगणात ती गाडी पुन्हा दगडावर चढणार नाही, एवढं सांगायला आले. दुसरं काही करता येईल का?"

"करता येईल का म्हणजे? आक्का, मी वीस वर्षं काय करतोय? लाथाडे घोडे उचलून धरतोय!"

त्याने अंगणातल्या चौकटीकडे हात केला. जमिनीत गाडलेले चार जाड खुंट, वर आडवी लाकडं, घोड्याच्या पोटाखालून जाणारा रुंद कातडी पट्टा, आणि तो ताणायला फिरवायचा दांडा. नाल ठोकताना घोडा त्यात उभा करायचे.

"मोटारसायकल म्हणजे तरी काय? पोट आहे, पाठ आहे. पट्टा घालायचा, वर घ्यायची, हवं ते काढायचं."

कलिपालाही ते पटलं. गावात ज्याला कुणाला विचारलं असतं त्यालाही पटलं असतं.

मंगळवारी ते गाडी ढकलत बेयशेच्या अंगणात घेऊन गेले. मागचं चाक डगडगत होतं. पुढे हँडल धरून बेयशे, मागून कलिपा, आणि दहा पावलं अंतर ठेवून काठी टेकत ओरोझाली. बघायला माणसं जमलीच. सादिरबायही आला, गालात सुपारीएवढी तंबाखूची गोळी धरून.

पट्टा इंजिनाखालून गेला. बेयशेने दांडा फिरवला. कातडं करकरलं आणि गाडी जमिनीवरून सुटली, आधी मागचं चाक, मग पुढचं. माणसं "वा वा" म्हणाली. बेयशेने मागचं चाक हाताने गरगर फिरवलं.

"या दाजी. घोडी तयार आहे. ठोका नाल!"

ओरोझाली पुढे आला. कलिपाने त्याची मान बघितली. मे महिना होता तरी हवा गार होती, आणि त्याच्या मानेवर घाम होता. तो गुडघ्यावर बसला, पाना नटाला लावला आणि दाबला.

गाडी त्याच्यापासून दूर गेली, झोका घेतल्यासारखी. मग परत आली. पट्टा मागच्या बाजूला सरकला, पुढचं तोंड खाली गेलं, हँडल वळलं आणि टाकी धाडकन खुंटावर आपटली. पेट्रोलचा वास सुटला.

ओरोझालीला काहीच लागलं नाही. तो आधीच मागे पडला होता, मातीत बसला होता. पण पाना अजून त्याच्या हातात होता आणि हात खुंटाला टेकलेला. पाना त्या खुंटाच्या लोखंडी कडीवर टकटकटक वाजत राहिला. त्याला तो थांबवता येईना. सगळं अंगण ते ऐकत होतं.

"ओरोझाली," सादिरबाय म्हणाला, "घोड्याने लाथ मारलेले लोक पाहिले होते. मोटारसायकलने मारलेला तू पहिला."

एकदोघं हसले. कलिपाने वाकून नवऱ्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि आपल्या कमरेच्या फडक्यात खोचला.

"हसून झालं असेल तर गाडी उतरवायला हात लावा, सादिरबाय," ती म्हणाली. "तोंडापेक्षा हात रिकामे दिसतायत."

संध्याकाळी गाडी परत ढकलत आणून, नमद्याखाली झाकून तिघं तिच्या घरी चहाला बसली. बेयशे एवढा गप्प कधी बसला नव्हता. ओरोझाली रोटीचा तुकडा बोटात फिरवत होता, खात नव्हता. कलिपाच्या डोक्यात दुपारपासून एकच गोष्ट घोळत होती.

"बेयशे, तुझ्या त्या चौकटीत घोडा कशावर उभा असतो रे?"

"पट्ट्यावर."

"पट्ट्यावर?"

"म्हणजे... नाही. स्वतःच्या पायांवर. एक मी उचलतो, बाकीच्या तिन्हीवर तो उभा. पट्टा नुसता खाली बसू नये म्हणून."

"मग हिला पाय कुठे आहेत?"

बेयशेने कप तोंडाला लावला होता तो तसाच राहिला.

"आणि घोडा तोल स्वतः सांभाळतो," कलिपा म्हणाली. "झोका आला की अंग सावरतो. हिला टांगून ठेवलं तर ही मेलेल्या मेंढीसारखी फिरणारच."

 मग ओरोझालीने चहात बोट बुडवलं आणि खालच्या कापडावर एक रेघ ओढली.

"तीन," तो म्हणाला. त्या दिवसातला त्याचा हा पहिला शब्द असावा. "घोड्याला तीन पाय पुरतात. पुढचं चाक जमिनीवरच राहू दे, तो एक पाय. मागे दोन. चाकाच्या दोन्ही बाजूंना. पण फाकलेले हवेत, असे." त्याने दोन तिरक्या रेघा ओढल्या. "आणि खालून एकमेकांना जोडलेले."

"आणि वर चढवायची कशी?" बेयशे पुढे सरकला.

"मागे लांब दांडा. पायाने दाबला की पाय उभे राहतील, गाडी वर जाईल. उभ्या रेषेच्या जरा पुढे गेली पाहिजे, म्हणजे तिच्याच वजनाने बसेल. उलटी येणार नाही."

"दाजी, ही अक्कल दुपारी कुठे होती?"

"दुपारी तू बोलत होतास."

कलिपा चहा ओतायला वळली, कारण तिला हसू आलं होतं.

बुधवारी पहाटे बेयशे पडक्या सरकारी गोठ्यात गेला. गायींचे कप्पे करायला तिथे एकेकाळी जाड पाईप लावले होते, गावातल्या निम्म्या कुंपणांत आज तेच आहेत. चार पाईप, एक लांब अँगल आणि आपलं वेल्डिंगचं यंत्र घेऊन कलिपाच्या अंगणात आला. कलिपाने हाताने दाबून पाहिलं.

"हे घट्ट गंजलेलं नाही ना आतून?"

ओरोझालीच्या वडलांचं नाव तेमिर होतं, म्हणजे लोखंड. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून लग्न होऊन आल्यापासून कलिपा लोखंडाला 'घट्ट' म्हणायची. सासरा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी तिच्या तोंडात तोच शब्द होता.

"घट्ट एकदम घट्ट आहे, आक्का," बेयशे म्हणाला.

मग मापावरून भांडण सुरू झालं. बेयशेच्या मते दोन पायांत तीन वितींचं अंतर पुष्कळ होतं. ओरोझालीने नमदा उचलला, नमद्याखाली गाडी होती, आणि क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याने आपली काठी हँडलावर आडवी धरली, हँडल जिथे संपलं तिथे चाकूने खूण केली, आणि त्याच्या पुढे एक वीत मोजून दुसरी खूण केली.

"एवढं."

"एवढं रुंद? दाजी, गाडीला काय लग्नात नाचायचंय?"

"माझ्या नडगीला विचार."

बेयशेने विचारलं नाही. करवत घेतली.

वेल्डिंग सुरू झालं तशी आळीतली वीज मंदावली. दर ठिणगीला घरोघरचे दिवे तांबडे व्हायचे आणि कुंपणापलीकडून बायका ओरडायच्या, "बेयशे, माझी मालिका चालू आहे रे मेल्या!" काळी काच एकच होती, ती बेयशेच्या डोळ्यांवर. कलिपा पाईप धरायची आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघायची. डोंगरावर बर्फ अजून खिंडीच्या खालपर्यंत होता, पण त्याच्याखाली हिरवं दिसायला लागलं होतं. तिच्या बाहीला दोन भोकं पडली. मनगटावर एक ठिणगी बसली ती तिने झटकली आणि पाईप सोडला नाही.

प्रत्येक जोड थंड झाला की ओरोझाली त्यावर हातोडा मारायचा. हलके नाही, दात खाऊन.

"माझ्या वेल्डवर हातोडा?" बेयशे चिडला. "गावात कुणी मारला नाही आजवर."

"हातोड्याने मोडला तर बरंच आहे. माझ्या अंगावर मोडण्यापेक्षा."

चौथा जोड मोडला. मागच्या आडव्या पाईपाचा, जिथे दांडा येणार होता तिथलाच. आत नुसती राख होती. बेयशेने तो बघितला, टोपी मागे सारली आणि कानस घेऊन जागा घासायला बसला. पुन्हा जोडला तेव्हा त्याने स्वतःच हातोडा दाजींच्या हातात दिला.

गुरुवारी दुपारी सगळं जुळलं. दोन बाजूंना दोन फाकलेले पाय, खाली रुंद पट्ट्या, मातीत रुतू नयेत म्हणून. वरच्या टोकांना दोन वाट्या, चाकाला धरणारा मागचा चिमटा त्यांत बसायचा. वाट्यांत कलिपाने जुन्या टायरचं रबर कापून घातलं. मागे छातीएवढा लांब दांडा आणि दांड्याला एक खीळ, जी खाली अडकवली की दांडा उचलताच यायचा नाही.

ओरोझालीने पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या. पुढचा ब्रेक कातडी वादीने दाबून बांधला. मग हँडलाच्या दोन्ही टोकांना दोऱ्या लावून त्या खुंट्यांना ताणल्या, वाऱ्याच्या दिवसांत तंबू ताणतात तशा. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आणि मग त्याने दांड्यावर आपला धड पाय ठेवला आणि दाबला.

मागचं चाक जमिनीवरून वीतभर उठलं. कुठे काही करकरलं नाही. खीळ खट्कन बसली.

"आता शिरा खाली," बेयशे म्हणाला.

"आज नाही," ओरोझाली म्हणाला. "आज कुणीच नाही. आधी वजन. कलिपा, बस."

"मी?"

"तुझ्याएवढं खात्रीचं वजन गावात दुसरं नाही."

"तोंड बघा!" असं म्हणत कलिपाने झगा आवरला आणि चढली. बेयशेने तिच्या मागे मेंढरांच्या मिठाचं पोतं ठेवलं. कुंपणाला तोवर पाचसहा बायका लागल्या होत्या.

"कलिपा, लगाम धर गं!"

"बाई उधळली बघा! कुठे निघालीस, बाजाराला?"

"तुमच्या नवऱ्यांना शोधायला!" कलिपा ओरडली आणि तिने अंगाचा झोक दिला. उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे. सीटवरच्या वाळलेल्या कणकेच्या खुणा तिच्या झग्याखाली चुरून गेल्या. ती हलत राहिली, हसत राहिली, पोतं तिच्या पाठीवर आपटत राहिलं, आणि तिच्याखाली गाडी भिंतीसारखी उभी होती.

ओरोझालीने पट्ट्यांच्या कडेने मातीत काठीने रेघ मारून ठेवली होती. तो वाकला, हाताचे पंजे टेकून बारीक डोळ्यांनी बघितलं.

"बोटभरसुद्धा नाही," तो म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

शुक्रवारी सकाळी बेयशेकडून नवं बेअरिंग आलं. ओरोझालीने हत्यारं एका फडक्यावर ओळीने मांडली. पुन्हा खीळ पाहिली. पाचरी लाथेने ठोकून पाहिल्या. मग जमिनीवर बसला, पाय लांब केले आणि चाकाखाली सरकला. कलिपाने दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली होती. आपण कधी धरली ते तिला कळलं नव्हतं.

खालून आवाज आला, "सोड."

"असू दे. मी धरलंय."

"तू धरलंस तर मला कळायचं कसं, ती उभी आहे का तू उभी केलीस? सोड, कलिपा."

तिने एक हात काढला. मग दुसरा. हातांना काही काम उरलं नाही म्हणून ते पोटावर घट्ट बांधले. खाली पाना नटाला लागला. ओरोझालीचा श्वास ऐकू आला, जड, दबलेला. मग एक मोठा हिसका, आणि गंजलेला नट एखादं हाड मोडावं तसा कडकन सुटला.

गाडी हलली नाही.

"अरे वा," खालून तो म्हणाला, अगदी साध्या आवाजात, चहात साखर बरोबर पडल्यासारखा. आणि मग पुढे त्याचा आवाज आलाच नाही, फक्त कामाचा आला.

कलिपा गायीची धार काढायला गेली. गोठ्यातून ती कान लावून होती. हातोडीचे हलके ठोके. थांबणं. पुन्हा ठोके. चाक फिरल्याची सरसर, आधी खरखरीत, मग ग्रीस लागल्यावर गुळगुळीत. पान्याची करकर. मग काहीच नाही.

ती धार काढत राहिली. बादली अर्धी भरली. अजून काही नाही.

ती उठली. तबेल्याचा कोपरा वळली तेव्हा तिला गाडी उभी दिसली आणि गाडीखाली दोन बूट, टाचा बाहेर फाकलेल्या, न हलणारे. तिच्या हातातून बादली कलंडली, दूध तिच्याच बुटांत गेलं, ती पळाली. गुडघ्यांवर पडून तिने खाली वाकून पाहिलं.

ओरोझाली पाठीवर पडला होता. तोंड उघडं, कपाळावर ग्रीसचा पट्टा, हात पोटावर. घोरत होता.

चाक जागेवर होतं. नट घट्ट बसलेला, त्यातली पिनही वाकवून ठेवलेली. काम सगळं झालं होतं. झाल्यावर तो उठलाच नव्हता.

कलिपा तिथेच मातीत बसली. आधी तिला त्याला एक रपाटा द्यावासा वाटला. मग तिने तोंडात रुमालाचं टोक धरलं आणि खांदे हलवत नुसती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

दारात मोटारसायकल थांबली. सादिरबाय होता. नमाजाला अजून वेळ होता.

"वहिनी, आजोबांनी पाठवलं. म्हणाले, बघून ये, गाडीचं काय झालं..."

"हळू बोला," कलिपा म्हणाली. "झोपलेत."

"कुठे?"

तिने बोट दाखवलं. सादिरबाय जवळ आला. उकिडवा बसून त्याने खाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग उठून सीटला हात लावला आणि आधी तिच्याकडे बघितलं, विचारल्यासारखं. तिने मान हलवली. त्याने ढकललं, मग अंग टाकून ढकललं. खाली घोरणं तसंच चालू होतं.

"मी नसतो झोपलो," सादिरबाय शेवटी म्हणाला.

कलिपाने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

"आजोबांना काय सांगू?"

"जे पाहिलंत ते."

तो थोडा वेळ स्टँडचे पाय, खीळ, ताणलेल्या दोऱ्या बघत राहिला. हाताने माप घेतल्यासारखं काहीतरी केलं. "मेंढरं रविवारी पहाटे निघतील मग," तो म्हणाला. "कुत्री नीट खाऊ घालून ठेवा, वहिनी. लांडगे यंदा लवकर उतरलेत म्हणतात."

आणि मग त्याने आपल्या गाडीला किक मारली नाही. हँडल धरून ती अंगणातून ढकलत बाहेर नेली, रस्त्यापर्यंत नेली, रस्त्यावरूनही पुढे नेली. कलिपाला ती सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तो पार पुलापलीकडे पोचला होता.